वाचकांचे प्रश्न : गणित डोक्याने, गणित यंत्राने

माणसाचे गणित आणि संगणकाचे गणित यांबद्दल वाचकांनी विचारलेल्या निवडक प्रश्नांची उत्तरे या वेळी देत आहोत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : शकुंतलादेवींनी दोन तेरा अंकी संख्यांचा गुणाकार तोंडी केला होता म्हणतात. त्या संगणकापेक्षा वेगवान होत्या का? आणि एवढे मोठे उत्तर बरोबर आहे की नाही, हे नुसत्या कागद-पेन्सिलीने कसे पाहायचे?

१८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपिरियल कॉलेजात त्यांना दिलेल्या संख्या अशा होत्या : ७६८६३६९७७४८७० आणि २४६५०९९७४५७७९. त्यांनी २८ सेकंदांत उत्तर दिले : १८९४७६६८१७७९९५४२६४६२७७३७३०. गिनीज बुकात त्याची नोंद झाली.

वेगाची शर्यत आज निकालात निघाली आहे. साध्या प्रोसेसरला असा गुणाकार करायला नॅनोसेकंदाच्या आसपास वेळ पुरतो. खरी गंमत कामाच्या बोज्यात आहे. शाळेतल्या रीतीने गेलात तर १३ × १३ म्हणजे १६९ एकअंकी गुणाकार, शिवाय तेरा ओळींची बेरीज. माणसाला डोक्यात एका वेळी जेमतेम चार-पाच वेगळ्या गोष्टी धरता येतात, त्यामुळे तेरा ओळी मनात मांडून ठेवणे जवळजवळ अशक्य. म्हणून तोंडी गुणाकार करणारे सहसा तिरप्या गुणाकाराची रीत घेतात. उत्तराचा एकेक अंक उजवीकडून पूर्ण करून सोडून द्यायचा आणि पुढे न्यायचा तो फक्त हातचा.

आता पडताळणी. आधी नवाची. पहिल्या संख्येच्या अंकांची बेरीज ७८, तिची १५, तिची ६. दुसरीची ७४, मग ११, मग २. सहा दुणे बारा, म्हणजे ३. उत्तराच्या अंकांची बेरीज १३८, मग १२, मग ३. जुळले. पण ही चाचणी एका बाबतीत आंधळी आहे. उत्तर उतरवताना दोन अंकांची अदलाबदल झाली तर अंकांची बेरीज तीच राहते आणि चूक सुटून जाते. म्हणून जोडीला अकराची चाचणी घ्यावी. उजवीकडून एकाआड एक अंक घेऊन दोन बेरजा करायच्या आणि वजाबाकी घ्यायची. दुसऱ्या संख्येत दोन्ही बेरजा ३७ येतात, म्हणजे ती संख्या ११ ने भागली जाते. मग गुणाकारालाही ११ ने भाग जायलाच हवा. उत्तरात दोन्ही बेरजा ६९ येतात. शेजारच्या दोन वेगवेगळ्या अंकांची अदलाबदल ही चाचणी हमखास पकडते. दोन्ही चाचण्या चुकवून निसटणारे चुकीचे उत्तर म्हणजे बरोबर उत्तरापासून नेमके ९९ च्या पटीत दूर असलेले. ते अशक्य नाही, पण सहजासहजी पडत नाही.

आणखी एक गोष्ट. हे उत्तर द्विमान पद्धतीत, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहायला ८४ बिट (म्हणजे ८४ अंक) लागतात. तुमच्या प्रोग्रामने ६४ बिटांचा पूर्णांक वापरला असेल तर तो उत्तर चुकवेल, आणि बऱ्याच भाषांत चकार शब्द न काढता चुकवेल.

प्रश्न : संगणक ०.१ + ०.२ याचे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे दाखवतो. तिसरीतल्या मुलाला जे येते ते यंत्राला का येऊ नये?

कारण तो आपल्या दशांशांत मोजतच नाही. एक तृतीयांश दशांशात लिहायला गेलात तर ०.३३३… संपत नाही. तसाच एक दशांश द्विमान पद्धतीत संपत नाही. ०.०००११००११००११… असे ते चालूच राहते. यंत्राकडे प्रत्येक अपूर्णांकासाठी ठरलेली जागा असते. नेहमीच्या ‘डबल’ प्रकारात महत्त्वाचे अंक ठेवायला ५३ बिट मिळतात, म्हणजे आपल्या हिशेबाने पंधरा ते सतरा सार्थ अंक. पुढचे कापावे लागते. त्यामुळे यंत्रात ०.१ म्हणून जे बसते ते प्रत्यक्षात ०.१००००००००००००००००५५५… असते. बेरीज तो चोख करतो. दिलेल्या संख्याच मुळात किंचित वेगळ्या असतात.

एवढ्याशा फरकाने काय होणार, असे वाटेल. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातल्या धाहरान येथे शत्रूची क्षेपणास्त्रे पाडणारी पॅट्रियट यंत्रणा एक दशांश सेकंदाचे टोले मोजत होती आणि तो एक दशांश २४ बिटांत कापलेला होता. यंत्रणा सलग शंभर तास चालू राहिली, घड्याळ ०.३४ सेकंदाने चुकले, येणारे क्षेपणास्त्र चुकीच्या जागी शोधले गेले आणि २८ सैनिक मेले.

तरीही साठत जाणारी चूक निदान दिसते तरी. घातक असते ती वजाबाकीतली. हे वर्गसमीकरण घ्या : क्ष² − १००००००००० क्ष + १ = ०. म्हणजे मधला सहगुणक १०० कोटी. नेहमीचे सूत्र प्रोग्राममध्ये जसेच्या तसे टाकले तर लहान मूळ शून्य येते. शून्य हे उत्तर असूच शकत नाही, कारण शून्य घातल्यावर डावीकडे १ उरतो. घडते काय, तर सूत्रातल्या वर्गमुळाखाली १० चा १८वा घात वजा ४ अशी संख्या येते. त्या आकाराला यंत्रातल्या लगतच्या दोन संख्यांमध्ये १२८ चे अंतर असते. वजा ४ तिथे कुठल्या कुठे विरून जातो. वर्गमूळ बरोबर १०० कोटी येते, १०० कोटींतून १०० कोटी गेले, खेळ खलास.

उपाय शाळेतलाच आहे. दोन मुळांचा गुणाकार १ आहे हे समीकरणावर नुसती नजर टाकली तरी दिसते. मोठे मूळ सूत्राने काढा (तिथे बेरीज आहे, धोका नाही) आणि १ ला त्याने भागा. लहान मूळ जवळपास ०.००००००००१ मिळते, तेही पूर्ण अचूकतेने. जास्त अचूक यंत्र आणले तर हा खड्डा फक्त पुढे सरकतो, बुजत नाही. जवळजवळ सारख्या दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी दिसली की आधी थांबून मांडणी बदलायची, ही सवय लावून घ्या.

दोन बारीक सूचना. अपूर्णांक ‘बरोबर इतका आहे का’ असे प्रोग्रामला विचारू नका, ‘फरक अमुकपेक्षा कमी आहे का’ असे विचारा. आणि सोळा अंकी ओळख क्रमांक एक्सेलमध्ये संख्या म्हणून भरू नका. पंधरा अंकांपुढचा अंक शून्य होतो. तो मजकूर म्हणून भरावा.

प्रश्न : संगणकाने कोट्यवधी संख्या तपासल्या आणि नियम कुठेही मोडला नाही, तर तो सिद्ध झाला असे का मानत नाहीत? हा गणितज्ञांचा हट्ट नाही का?

हट्ट नाही, पोळलेले आहेत. न² + न + ४१ मध्ये न च्या जागी ० पासून ३९ पर्यंत काहीही घाला, मूळ संख्याच मिळते. ४० घातले की १६८१, म्हणजे ४१ चा वर्ग. हे झाले लहान उदाहरण. मोठे पाहायचे तर जॉर्ज पोल्या यांची १९१९ ची अटकळ. प्रत्येक संख्येचे मूळ अवयव मोजायचे, तोच अवयव पुन्हा आला तर पुन्हा मोजायचा. अटकळ अशी की २ पासून पुढे कुठेही थांबलात तरी तिथपर्यंत ज्यांच्या अवयवांची मोजणी विषम येते अशा संख्या, मोजणी सम येणाऱ्यांपेक्षा कमी भरणार नाहीत. १९५८ मध्ये हेझलग्रोव्ह यांनी ती खोटी असल्याचे दाखवले. ती पहिल्यांदा मोडते ९०,६१,५०,२५७ या संख्येपाशी. नव्वद कोटी संख्या तपासून ‘झाले सिद्ध’ म्हणणारा तोंडावर आपटला असता.

यंत्राची खरी ताकद उलट्या दिशेने आहे. नियम मोडायला एकच प्रतिउदाहरण पुरते. चार पाचव्या घातांची बेरीज कधीच पाचवा घात होत नाही, असे ऑयलरने १७६९ मध्ये म्हटले होते. १९६६ मध्ये लँडर आणि पार्किन यांनी संगणकाला शोध घ्यायला लावला आणि २७, ८४, ११० व १३३ यांच्या पाचव्या घातांची बेरीज बरोबर १४४ च्या पाचव्या घाताइतकी, म्हणजे ६१९१७३६४२२४ निघाली. त्यांचा शोधनिबंध अवघ्या दोन वाक्यांचा होता. आणखी लिहायचे तरी काय?

प्रश्न : मग कापरेकरांचा ६१७४ संगणकाने तपासला तर तीही सिद्धता नाही का? माझ्या प्रोग्राममध्ये मात्र काही संख्या ६१७४ ला न पोचता शून्यावर जातात.

ती सिद्धता आहे, कारण इथे संख्या मोजक्या आहेत. द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये शोधलेली ही प्रक्रिया अशी : चार अंक उतरत्या क्रमाने लावा, त्यातून चढत्या क्रमाने लावलेले वजा करा, जे येईल त्यावर पुन्हा तेच करा. चारही अंक सारखे नसले तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येते. ०००० ते ९९९९ मधून सारख्या अंकांच्या दहा संख्या वगळल्या की ९,९९० उरतात. सगळ्या तपासल्या, सगळ्या पोचल्या, विषय संपला.

तुमच्या प्रोग्रामचा दोष पुढच्या शून्यात आहे. २१११ घ्या. २१११ − १११२ = ९९९. प्रोग्रामने ही तीन अंकी संख्या धरली तर ९९९ − ९९९ = ०, संपले. ती ०९९९ अशी धरायला हवी. मग ९९९० − ०९९९ = ८९९१, पुढे ९९८१ − १८९९ = ८०८२, ८८२० − ०२८८ = ८५३२, ८५३२ − २३५८ = ६१७४. प्रत्येक पायरीला संख्या मजकुरात बदलून डावीकडे शून्ये भरून चार अंक पुरे करा, दोष जाईल.

पण हे हाताने करून पाहाच, कारण माणूस आणि यंत्र यांच्यातला फरक इथे हाताच्या अंतरावर दिसतो. उतरत्या क्रमाने अंक अ, ब, क, ड असतील, तर वजाबाकी येते ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क). चार अंक हवेत कशाला? दोन फरक पुरे. २१११ असो, ५४४४ असो की ८७७७, पहिला फरक १ आणि दुसरा ०, म्हणून तिघींची पहिली वजाबाकी एकच, ०९९९. आता पहिला फरक १ ते ९ आणि दुसरा शून्यापासून पहिल्याइतका, असे पर्याय मोजा. २ + ३ + ४ + … + १० = ५४. नऊ हजार नऊशे नव्वद संख्यांचे काम चोपन्नांवर आले. वजाबाक्यांतून तेच अंक वेगळ्या क्रमाने येतात ते एकत्र केले की उरतात फक्त ३०. एका पानाचे काम. उत्तर यंत्रालाही मिळाले, पण ९,९९० ऐवजी ३० का पुरतात हे त्या तपासणीतून कळत नाही. पाच किंवा सहा अंकांकडे वळायचे असेल तर उपयोगी पडते ती ही दोन फरकांची नजर.

प्रश्न : २० × २० चौकटींच्या पटाचे समोरासमोरचे दोन कोपरे कापले. उरलेल्या ३९८ चौकटी १९९ डोमिनोंनी (शेजारच्या दोन चौकटी झाकणाऱ्या सोंगट्यांनी) झाकायच्या आहेत. एकेक सोंगटी ठेवून पाहणारा प्रोग्राम लिहिला, तो थांबतच नाही. जलद संगणक घ्यावा का?

नको, पैसे वाचवा. पट बुद्धिबळासारखा काळा-पांढरा रंगवा. समोरासमोरचे कोपरे एकाच रंगाचे असतात. ते गेले की एका रंगाच्या १९८ आणि दुसऱ्याच्या २०० चौकटी उरतात. प्रत्येक डोमिनो एक काळी, एक पांढरी झाकतो. १९९ बसणारच नाहीत.

तुमचा प्रोग्राम का अडकला? शेवटच्या एक-दोन सोंगट्या बसत नाहीत एवढेच त्याला कळते. मग तो एक सोंगटी मागे घेऊन दुसरीकडे ठेवतो, पुन्हा तिथेच येऊन अडकतो. प्रत्येक वेळी कारण तेच, पण ‘हे कारण सगळ्यांना लागू आहे’ असे म्हणायची सोय त्याला दिलेली नाही. पर्यायांची संख्या किती फुगते याचा अंदाज हवा असेल तर साधा, न कापलेला ८ × ८ चा पट डोमिनोंनी झाकायच्या रीती १,२९,८८,८१६ आहेत. तुमचा पट त्याच्या सहापटीहून मोठा.

संगणकाला मात्र इथे मठ्ठ ठरवू नका. हाच प्रश्न ‘काळ्या चौकटींच्या शेजारच्या पांढऱ्या चौकटींशी जास्तीत जास्त जोड्या लावा’ असा मांडला तर जोड्या लावायची ठरलेली रीत क्षणात १९८ वर थांबते आणि सांगते की याहून जास्त नाही. मांडणी बदलली, यंत्र तेच.

प्रश्न : चॅटबॉट अवघड प्रमेय समजावून सांगतो, पण सात अंकी गुणाकार चुकवतो. असे कसे?

चॅटबॉट मजकुराचा पुढचा तुकडा काय असावा याचा अंदाज घेत उत्तर लिहितो, आणि मोठी संख्या त्याच्याकडे अंकाअंकाने न जाता दोन-तीन अंकांच्या तुकड्यांत जाऊ शकते. त्यातून लिहिण्याची दिशा आडवी येते. उत्तर डावीकडून लिहायचे, हातचा मात्र उजवीकडून येतो. म्हणजे पहिला अंक लिहिताना शेवटच्या अंकांपासून आलेले सगळे हातचे ठाऊक असायला हवेत. म्हणूनच अशा चुकलेल्या उत्तरात बहुधा सुरुवातीचे आणि शेवटचे अंक बरोबर असतात, मधले बिघडतात. उपाय : त्याला गुणाकाराचे टप्पे लिहायला लावा, किंवा सरळ प्रोग्राम लिहून चालवायला सांगा. वरची नवाची आणि अकराची चाचणी इथेही लावा, मधले बिघडलेले अंक ती बहुतेक वेळा पकडते.

सिद्धतांचे मात्र हसण्यावारी नेऊ नका. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमधले सहापैकी चार प्रश्न गूगल डीपमाइंडच्या प्रणालींनी सोडवले आणि ४२ पैकी २८ गुण मिळवले. सुवर्णपदकाची रेघ २९ वर होती. पण प्रश्न माणसांनी आधी औपचारिक भाषेत उतरवून दिले होते आणि काही उत्तरांना तीन दिवसांपर्यंत वेळ लागला. स्पर्धक मुलांना रोज साडेचार तास, असे दोनच दिवस मिळतात. २०२५ मध्ये प्रश्न साध्या भाषेत, वेळ मुलांइतकाच, आणि पाच प्रश्न सुटून ३५ गुण, म्हणजे सुवर्णाची पातळी. सहावा प्रश्न, चौकटींच्या जाळीवर आयताकार फरश्या मांडण्याचा, तेवढा हुलकावणी देऊन गेला.

चॅटबॉटची सिद्धता वाचताना ‘हे उघडच आहे’, ‘याचप्रमाणे दाखवता येते’ या जागी पेन्सिल थांबवा. भोक असलेच तर बहुतेकदा तिथे असते. विधानात लहानात लहान संख्या घालून पाहा.

प्रश्न : जी सिद्धता कोणी माणूस पूर्ण वाचू शकत नाही ती सिद्धता कशी?

चार रंगांच्या प्रमेयापासून हा वाद चालू आहे. कोणताही सपाट नकाशा चार रंगांत रंगवता येतो, ही अटकळ १८५२ ची. अपेल आणि हाकेन यांनी १९७६ मध्ये ती सोडवली, पण हजाराहून जास्त आकृत्यांची तपासणी संगणकावर सोपवून. आक्षेप रास्त होता : प्रोग्राममध्ये चूक असेल तर? १९९७ मध्ये दुसऱ्या चमूने आकृत्या ६३३ वर आणल्या. २००५ मध्ये जॉर्ज गोंतिए यांनी सगळी सिद्धता ‘कॉक’ या सिद्धता-तपासनीस सॉफ्टवेअरमध्ये उतरवली. त्याची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. सिद्धता कितीही लांब असो, तिची प्रत्येक पायरी तर्काच्या मोजक्या नियमांत बसते की नाही एवढेच एक छोटा गाभा तपासतो. विश्वास ठेवायचा तो त्या गाभ्यावर, आणि तो माणसाला वाचता येईल इतका लहान असतो.

धोका मग कुठे उरतो? विधान उतरवण्यात. ‘नकाशा’ची व्याख्या चुकीची उतरवली तर यंत्र भलत्याच गोष्टीची निर्दोष सिद्धता देईल. ते वाचायला माणूसच लागतो. २०१६ मध्ये पायथागोरसच्या त्रिकुटांविषयीच्या (अ² + ब² = क² होणाऱ्या तीन संख्या, जसे ३, ४, ५) एका प्रश्नाची सिद्धता २०० टेराबाइट भरली, पण तिचे विधान दोन ओळींत मावते : १ ते ७८२४ या संख्या दोन रंगांत अशा रंगवता येतात की एकही त्रिकूट एकरंगी होत नाही, ७८२५ पर्यंत गेलात की येत नाहीत. ७८२५ च का, हे त्या २०० टेराबाइटांतून कोणाला उमगलेले नाही. सिद्धता मानायला हरकत नाही. समाधान झाले असे म्हणवत नाही.

प्रश्न : माझ्या प्रोग्राममध्ये २१ चे क्रमगुणित (१ ते २१ या सगळ्या संख्यांचा गुणाकार) ऋण येते, पण १३ चे ठीक येते. दोष कुठे?

१३ चेही ठीक असेलच असे नाही, एकदा पाहा. ३२ बिटांच्या पूर्णांकाची मर्यादा २१४७४८३६४७, आणि १३ चे क्रमगुणित ६२२७०२०८००. ते मावत नाही, म्हणून १९३२०५३५०४ असे दिसते. धन आहे, मोठे आहे, खरे वाटते. पण १३ पर्यंतच्या गुणाकारात ५ आणि १० दोन्ही येतात, तेव्हा शेवटी दोन शून्ये हवीतच, इथे ०४ आहेत. शिवाय अंकांची बेरीज ३२, म्हणजे ९ नेही भाग जात नाही. ६४ बिटांत २० पर्यंत निभावते, २१ ला पुन्हा तेच, आणि २१ ला दोन्हीकडे योगायोगाने चिन्ह ऋण होत असल्यामुळे ती चूक तुम्हाला दिसली. पायथॉनसारख्या भाषेत पूर्णांक हवा तेवढा वाढतो. इतरत्र मोठ्या पूर्णांकांची लायब्ररी वापरा, आणि क्रमगुणिताचे उत्तर आले की आधी शेवटची शून्ये मोजा.